मिशिगन फुटबॉलचं विद्यार्थी सीझन तिकीट: अख्खा हंगाम वापरल्यावर

यंदा ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात येणारी आपली मुलं मला एकच विचारतात: अमेरिकन फुटबॉलचे नियम कळत नाहीत, तरी पूर्ण हंगामाचं तिकीट घ्यायचं का? की फक्त कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धचा सामना कुठूनतरी मिळवायचा? मी 2023 चा हंगाम या तिकिटावर पाहिलाय, घरच्या मैदानावरचे सातही सामने. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, आणि सामन्याआधी आठवडाभर पेठेत चाललेली चर्चा. इथला फुटबॉल हातात धरून पळायचा. पहिल्या दिवशी मला तो कुस्ती आणि वाहतूक कोंडी यांच्या मधला काहीतरी प्रकार वाटला.

स्टेडियम मात्र पहिल्याच दिवशी मनात बसलं. बाहेरून ते फार मोठं वाटत नाही, कारण बराचसा भाग जमिनीखाली आहे. दरवाजातून आत गेलात की एकदम पायाखाली विहिरीसारखं मैदान उघडतं. क्षमता 1,07,601. विद्यार्थ्यांच्या भागात बाक आहेत, पण कोणी बसत नाही. साडेतीन तास उभं राहायची तयारी ठेवा. खेळ 60 मिनिटांचाच, चार क्वार्टरचा, पण टीव्हीच्या जाहिरातींसाठी तो सारखा थांबतो. खेळाडू मैदानात नुसते उभे असतात. थंडी सुरू झाल्यावर हे थांबणं फार जड जातं, म्हणून नोव्हेंबरात दोन जोड मोजे घाला.

सप्टेंबरचे चारही सामने एकतर्फी झाले: 30-3, 35-7, 31-6, 31-7. बरीच मुलं मध्यंतरानंतर निघून जायची. मी थांबायचो, आणि खेळ मला त्या रिकाम्या होत गेलेल्या बाकांवर कळला. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढंच सूत्र. मग चेंडूवरची नजर काढून पुढच्या पाच धिप्पाड गड्यांकडे बघायला शिकलो. ते समोरच्यांना बाजूला रेटतात आणि त्या फटीतून चेंडू घेऊन पळणारा आमचा ब्लेक कोरम निसटतो. त्या हंगामात त्याने पळून 27 टचडाऊन केले, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. त्यातला प्रत्येक त्या पाच जणांनी उघडलेल्या वाटेवरचा आहे, हे एकदा दिसायला लागलं की खेळ वेगळाच होतो.

बाहेरगावचे सामने तिकिटात येत नाहीत. पण पेन स्टेटचा सामना टीव्हीवर बघाच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. प्रतिस्पर्धी चाल सांगायला करतात ते इशारे चोरल्याच्या प्रकरणात आमचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर आदल्याच दिवशी तीन सामन्यांची बंदी आली होती. त्या प्रकरणाचा डाग हंगामावर आहे, तो मी पुसणार नाही. त्यांचे सहाय्यक शेरोन मूर यांनी संघ सांभाळला आणि चेंडू फेकणं जवळपास सोडूनच दिलं. संघ सलग 32 वेळा चेंडू घेऊन नुसता पळाला! 24-15 ने जिंकल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले.

आणि मग 25 नोव्हेंबर, ओहायो स्टेट. दोन्ही संघ तोवर एकही सामना हरलेले नव्हते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये झॅक झिंटरचा पाय मोडला. त्या पाच जणांमधलाच तो, 65 नंबरचा. एक लाखाहून जास्त माणसं असलेल्या त्या विहिरीत माझ्या शेजारच्या मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला गाडीवरून नेलं. पुढच्याच चालीत कोरमने 22 यार्ड पळून टचडाऊन केला आणि त्याने बोटांनी सहा आणि पाच करून दाखवले. मी ओरडलो की रडलो, आठवत नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आमचा खेळाडू रॉड मूर याने ओहायोचा पास मधेच पकडला आणि आम्ही 30-24 ने जिंकलो. मैदानावर माणसांचा लोंढा उतरला. शाहू स्टेडियमवरून घरी येताना घसा बसलेला असायचा, तसाच त्या रात्री बसला होता. दादाला फोन लावला, तर तो नुसताच हसत राहिला, कारण माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

नुसता तेवढा एक सामना बघितला असता तर 65 हा आकडा मला कळला नसता.

पुढचे सामने लांब झाले, तेही तिकिटाबाहेरचे: अलाबामाला 27-20 असं जादा वेळेत हरवलं, 8 जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34-13. एकूण 15 सामने, 15 विजय, आणि 1997 नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. ते आम्ही भाड्याच्या घरात, एका सोफ्यावर सात जणांनी दाटीवाटीने पाहिलं.

2024 मध्ये हार्बॉ लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे गेले. कोरम, झिंटर, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मॅकार्थी, सगळे व्यावसायिक झाले. संघ तसा राहिला नाही. तरी मी 2024 चंही तिकीट घेतलं. त्याचा पहिला सामना 31 ऑगस्टला, फ्रेस्नो स्टेटशी होता. नवीन कोणी येणार असाल तर सोबत चला, पण चौथा क्वार्टर संपेपर्यंत थांबायचं.