ओपिनेल ८ क्रमांक: कार्बनचे पाते की स्टेनलेसचे?

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेली ही घडीची सुरी कोल्हापुरातील आमच्या मित्रमंडळीत अजूनही वादाचा विषय आहे, आणि त्या वादाचे मूळ आपल्या हवामानात आहे. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असून ते कार्बन पोलाद आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारांत मिळते. कार्बनचे चाहते म्हणतात की त्याला साध्या दगडावरही चटकन धार चढते, आणि ते खरे आहे. परंतु लिंबू चिरून पाते तसेच ठेवले तर ते काळवंडते, आणि पन्हाळ्याच्या पावसाळी हवेत त्यावर गंज चढायला वेळ लागत नाही. त्यामुळे मी स्टेनलेसच्याच बाजूचा आहे.

पात्याच्या आकाराबाबत मात्र माझे मत ठाम नाही. तांबड्या रश्श्यासाठी मटणाची चरबी काढताना निमुळते पाते हाडाभोवती सहज वळते, तर रोजच्या फळे-भाज्यांसाठी नेहमीचे रुंद पातेच हाताला भरवशाचे वाटते. (ढीगभर कांद्यांसाठी विळीला पर्याय नाही.) १९५५ पासून बसवली जाणारी फिरती कडी, जिच्यामुळे उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही, ही मला या सुरीची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बीचच्या लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते उघडणे जड जाते, म्हणून पावसाळ्यापूर्वी तिला जवसाचे तेल अवश्य चोळावे.