गोव्यात घरी पूल टेबल: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (टेबलाचा कमी, खोलीचा जास्त)

टेबल सात फुटी, स्लेटचं (कापडाखाली सपाट दगडी फरशी असलेलं), गेल्या दिवाळीनंतर बसवलं आणि आता चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली, म्हणजे थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं बघून झालं. टेबलाबद्दल थोडक्यात सांगायचं तर चांगलं आहे, पैसे वसूल. पण जो तो विचारतो "कुठलं घेतलंस, कितीला पडलं", खोलीचं कोणी विचारतच नाही, आणि आपल्याकडे खेळ बिघडतो तो खोलीमुळे. म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

घर फोंडा तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. समुद्र तसा लांब, त्यामुळे मोरजी-कळंगुटवाल्यांसारखी स्क्रू गंजायची कटकट कमी, पण दमटपणाला समुद्र दिसावा लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात, मग भिंती काय पितात ते सांगायला नको.

पहिला वाद झाला जागेवरून. बाबांचं म्हणणं माडीवर ठेव, खाली पाहुणेरावळे येतात, गडबड नको. माडी आमची लाकडी, खाली तुळया, त्यावर फळ्या. सात फुटी टेबलाची एकटी स्लेटच दीडशे किलोच्या पुढे जाते, फ्रेम-पाय धरून तीनशेच्या घरात, आणि ते वजन पसरून बसत नाही, चार पायांवर येतं, म्हणजे एकेका पायाखाली पंचाहत्तर किलो, वर खेळणारी माणसं वाकणार, फिरणार. नीट बांधलेल्या आरसीसी स्लॅबला हे सहसा जड नाही पण शंभर वर्षांच्या तुळयांवर कशाला परीक्षा. शिवाय लाकडी जमीन हलते, एक माणूस चालला की बॉल जागेवर थरथरतो. शेवटी खालची जुनी कोठाराची खोली मोकळी केली, जिथे पूर्वी भात आणि नारळ असायचे. आईला दोन महिने नारळ कुठे ठेवायचे हा प्रश्न होता, ते अजून जिन्याखाली आहेत.

मापाचं नीट समजून घ्या कारण इथे दुकानवाले गोड बोलतात. "सात फुटी" म्हणजे खेळायची जागा साधारण ३९ बाय ७८ इंच. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, ५८ इंचांचा. बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला असेल तर अख्खा क्यू टेबलाबाहेर मागे येतो, म्हणून दोन्ही बाजूंना ५८-५८ धरा: १५५ बाय १९४ इंच, म्हणजे १२ फूट ११ बाय १६ फूट २. आणि हे नुसतं क्यू मावण्यापुरतं झालं, हात मागे खेचायला प्रत्येक बाजूला अजून सहा इंच हवेतच, नाहीतर कोपर भिंतीला. म्हणजे १४ बाय सव्वासतरा असेल तर सुखात. माझी खोली साडेतेरा बाय सतरा. रुंदीला थोडी कमी पडते म्हणून एक ५२ इंची छोटा क्यू खिडकीच्या बाजूला कायम टांगलेला असतो, आणि खरं सांगतो, आठवडाभरात सवय होते. आठ फुटीची खेळायची जागा ४४ बाय ८८, त्याला नुसते क्यू मावायलाच १३ फूट ४ बाय १७ लागतात. मला दुकानात "बसेल हो साहेब, आरामात बसेल" असंच सांगितलं होतं. बसलं असतं, खेळता आलं नसतं.

जमीन. जुन्या घरांत जमिनीला दाराकडे ढाळ असतो, धुतलं की पाणी बाहेर जावं म्हणून. आमच्या कोठारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चांगला बोटभर फरक होता. सगळी जमीन उकरायची गरज नाही, टेबलाच्या पायांना खाली बोल्ट असतात, तेवढा फरक ते खातात. पण लादी पोकळ आहे का ते मात्र बघाच, नाण्याने टकटक करत फिरायचं, जिथे आवाज ढब्ब येईल तिथे पाय आला तर लादी तडकणार. आमच्या दोन लाद्या पोकळ निघाल्या, गवंड्याने काढून खाली कॉंक्रीट भरून दिलं. त्याच वेळी वाळवीचं औषध भोकं पाडून मारून घेतलं, कारण टेबलाची फ्रेम रबरवूडची आणि वाळवीला त्याहून सोपं जेवण नाही. हे टेबल यायच्या आधी करायचं काम आहे, नंतर तीनशे किलो कोण उचलणार.

स्लेट तीन तुकड्यांत येते. फिटर मुंबईहून आले होते, दोघेजण, कामाला एक नंबर. तुकडे जोडून सांध्यात मेण भरून घासलं, मग लेव्हल, मग कापड. सुताराच्या साध्या लेव्हलने हे होत नाही, त्यांच्याकडे मशिनिस्टवाली बारीक लेव्हल होती, तिचा बुडबुडा कागद सरकवला तरी हलतो. जाताना मी म्हटलं पावसाळ्यात काय करायचं, तर म्हणाले "दादा, एसी लावा, बस." हे बस काही बस नव्हतं, ते खाली येतंच.

आता मुख्य गोष्ट, ओल.

कापड लोकरीचं असतं, लोकर हवेतलं पाणी ओढते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जो बॉल चार कुशन खायचा तो तीनमध्येच थकायला लागला. मोठ्या स्नूकर स्पर्धांमध्ये टेबलाखाली हीटर लावतात ते यासाठीच, कापड कोरडं राहावं म्हणून. गंमत म्हणजे स्नूकरचा जन्मच पावसाळ्यातला सांगतात, १८७५ साली जबलपूरला, ब्रिटिश ऑफिसर मेसमध्ये अडकून पडलेले, दुसरा उद्योग नाही. त्यांच्या टेबलाचं कापड जुलैत कसं चालत असेल देव जाणे.

तर एसी. एसीने हवा कोरडी होते हे खरं, पण कधी? कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हा. आपल्याकडे जुलैत बाहेरच सव्वीस-सत्तावीस डिग्री, खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि नुसता पंखा फिरत राहतो, कॉइलवरची ओल परत हवेत. खोली गार आणि दमट, सर्वात वाईट कॉम्बिनेशन, बुरशीला अजून काय हवं. मे महिन्यात एसी राजा, जुलैत निरुपयोगी.

माझ्यासाठी खरा उपाय ठरला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन. दिवसाला वीस लिटरवाला घेतला. खोक्यावरचा हा आकडा साधारण ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, थंड देशांतल्या लोकांना तेवढं पाणी निघत नाही म्हणून ते कुरकुरतात, पण आपली हवा तशीच असल्यामुळे इथे तो जवळपास खरा ठरतो, पहिल्या रात्री टाकी भरून मशीन आपोआप बंद पडलं होतं. टाकी उपसत बसू नका, मागे पाइप लावायची सोय असते, भिंतीला भोक पाडून ढाळ देऊन पाणी बाहेर सोडा. वीज म्हणाल तर माझं साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं, रात्रीचे आठ तास चालवलं तर पावणेतीन युनिट. सोबत एक हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) घ्या, काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. मशीन बंद असताना खोलीत आर्द्रता ८५ ते ९० टक्के, चालू असताना दारंखिडक्या बंद ठेवल्या तर ६०. मी ६० वरच थांबतो. ४५-५० पर्यंत खेचून कोरडं करायचं, मग लाइट गेली की परत ८५, असा झोका लाकडाला मानवत नाही, आणि पावसाळ्यात लाइट जाणारच, इन्व्हर्टरवर हे मशीन मी तरी चालवत नाही. एकच आकडा स्थिर ठेवायचा. त्रास दोन: आवाज, आणि खोली थोडी गरम होते कारण मशीन मागून गरम हवा सोडतं. म्हणून खेळताना बंद, रात्री चालू.

पण नुसत्या मशीनवर ढकलून चालत नाही, पाणी येतंय कुठून ते आधी बंद करा. आमची पश्चिमेची भिंत सगळा झोड घेते. आजोबांच्या वेळी मे संपताना बाहेरून झावळ्यांच्या झापा लागायच्या, मध्यंतरी कोणाला वेळ नाही म्हणून ते बंद झालं होतं. यंदा पत्रे लावले, भिंतीपासून वीतभर लांब, मधून वारा खेळेल असे. आतून गवंडी वॉटरप्रूफ रंग मारा म्हणत होता, मी नको म्हटलं. चिरा पाणी पितो आणि सोडतोही, आतून प्लास्टिकसारखा थर दिला की ते पाणी त्या थराला फोड आणून बाहेर येतं, शेजारच्या बंगल्यात बघतोय दरवर्षी. साधा चुना मारला. वास आठ दिवस राहिला, भिंत अजून ठणठणीत.

वरचं बघायला विसरू नका. कौलाची एक गळती, एक थेंब, आणि कापडावर डाग कायमचा. कौलं फेरून घेतली आणि खाली सीलिंग मारलं, ते खरं तर पालींसाठी, कारण पालीची लेंडी हिरव्या कापडावर कशी दिसते ते मी सांगायला नको. खिडक्यांना जाळी हवीच. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंखवाले किडे दिव्यावर येतात, सगळे पंख टेबलावर, हाताने झटकले की चिरडतात आणि तेलकट डाग. दिवा बंद करून बाहेर व्हरांड्यात लावायचा, अर्ध्या तासात जातात.

टेबलाबरोबर रेक्झिनचं कव्हर येतं, दिसायला झकास. जून ते सप्टेंबर ते माळ्यावर ठेवा. खाली ओल कोंडते आणि कापडाला कुबट वास येतो. आम्ही आईची जुनी सुती चादर घालतो.

दिवा आणि पंखा यांचं एकत्र बघा. पंखा छताच्या मध्यावर, त्याखाली दिवा, त्याखाली टेबल असं असेल तर ठीक, पण दिवा पंख्याच्या वर किंवा बरोबरीला आला की पात्यांची सावली कापडावर लपलप करते, दहा मिनिटांत डोकं धरतं. मी पंखा काढून भिंतीवर दोन लावले. दिवे म्हणजे चार फुटी एलईडी बॅटन दोन, वीस-वीस वॉटचे, टेबलाच्या लांबीला समांतर, लाकडी चौकटीत, आमच्या मेस्ताने (सुताराने) करून दिली. स्पर्धांच्या नियमात टेबलावर निदान ५२० लक्स (प्रकाशाचं माप) आणि बाजूला सरकवता येणारा दिवा स्लेटपासून निदान ४० इंच वर असं आहे, मी तेवढंच धरलं. एकच बल्ब मध्यावर लावू नका, कोपऱ्यातल्या बॉलची सावली लांब पडते आणि नेम चुकतो तो चुकतोच.

क्यूंचं: भिंतीला तिरके टेकवून ठेवले की वाकतात, दमटात तर लवकर. स्टँड आतल्या भिंतीला लावा, बाहेरच्या नको. हाताला घाम येतो म्हणून भाचा कॅरमची पावडर घेऊन आला, "मामा, मस्त सरकतो बघा." कॅरमला ठीक, इथे ती कापडात बसते आणि घामाबरोबर चिकट होते. तीन बोटांचा ग्लोव्ह मिळतो, तो दिला त्याला.

जुलैअखेर एक गोष्ट झाली, हळू मारलेला बॉल खिडकीकडच्या कोपऱ्यात वळायला लागला. जमीन बसली की लाकूड फुगलं, बहुतेक दोन्ही. टेबल विकणाऱ्यांना फोन केला, बसवताना "वर्षभर सर्व्हिस" म्हणाले होते, आता म्हणे गोव्याला यायचा खर्च तुमचा. असो. घेताना हे कागदावर लिहून घ्या. मी फिटरना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी सांगितलं कुठला बोल्ट, किती फिरवायचा, पाव फेऱ्यात काम झालं. स्लेटच्या सांध्याला हात लावू नका, फक्त पाय.

चवथीला घर भरलेलं. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं) सामान आलं आणि पहिल्यांदा नजर गेली ती टेबलावरच, सुपारीची शिपटं, तोरिंगं, चिबूड, सगळं ठेवायला ऐसपैस जागा. काकी म्हणाल्या "एवढं मोठं टेबल रिकामं कशाला?" मी आधीच प्लायवूडचे दोन तुकडे मापाने कापून ठेवले होते, ते चादरीवर टाकले. मग रात्री प्लाय काढून खेळ. एरवी चवथीच्या रात्री पत्ते बसतात, यंदा अर्धे पुरुष कोठारात, आणि सगळ्यात जास्त जिंकली ती माझी वहिनी, जिने त्याआधी क्यू धरला नव्हता.

आता उरलेलं काम: टेबलाबरोबर आलेलं लव असलेलं कापड नोव्हेंबरात बदलायचंय, गुळगुळीत विणीचं वूस्टेड टाकणार, त्यावर बॉल जास्त पळतो आणि दमटातही तुलनेने कमी मरतो असं फिटर म्हणतात, टाकल्यावर सांगतो. नवीन घेणाऱ्यांना पैशांचा हिशोब हवा असेल तर माझा असा: टेबलाला जितके गेले त्याच्या साधारण निम्मे खोलीला गेले, पत्रे-सीलिंग-गवंडी-मशीन-दिवे सगळं धरून. बजेट दीड लाख असेल तर लाखाचं टेबल बघा. आणि बसवायला डिसेंबर-जानेवारी धरा, मेमध्ये फिटरना तारीख नसते.