बोन ग्राफ्ट ब्लॉक, दाणे आणि सिमेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

जबड्यातलं गेलेलं हाड भरून काढायला वापरतात तो बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (बीटा-टीसीपी) या सिरॅमिकचा ब्लॉक स्क्रू आवळताना मधोमध तडकला, म्हणून हे लिहितोय. हिरडी उघडलेली, ब्लॉक घासून नीट बसवलेला, शेवटची पाव फेरी राहिलेली आणि दोन तुकडे. फोडलेलं पाकीट पुन्हा निर्जंतुक करून वापरता येत नाही, म्हणजे सगळे पैसे पाण्यात. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की ताकद पाकिटावर छापल्याप्रमाणेच आहे.

माझी तक्रार नेमकी त्या छापलेल्या आकड्याबद्दल आहे. तो दाब सोसण्याच्या ताकदीचा आकडा. खोदून विचारलं तेव्हा कळलं की नमुना कोरडा होता. तोंडात ब्लॉक रक्ताने भिजलेला असतो आणि स्क्रूच्या भोकाभोवती नुसता दाब नसतो, ताण असतो. सिरॅमिक दाब सोसतं, ताणाला मात्र खडूसारखं मोडतं. घट्ट भाजलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजासारखं सिरॅमिक, दाबाखाली 300 मेगापास्कलच्या (दाब मोजायचं एकक) पुढे जातं. आपलं बाहेरचं टणक हाड साधारण 100 ते 200 मध्ये. तरी चीर रोखायच्या बाबतीत हाडच कितीतरी सरस, कारण त्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन आहे.

शिवाय घट्ट ब्लॉक आपल्या कामाचा नाही. रक्तवाहिन्या आत शिरायला निदान 100 मायक्रॉनची, एकमेकांना जोडलेली छिद्रं लागतात. छिद्रं वाढली की ताकद त्या प्रमाणात उतरत नाही, धाडकन कोसळते. 70-80 टक्के सच्छिद्र ब्लॉक आतल्या जाळीदार हाडाच्या पातळीवर, म्हणजे एक-दोन आकडी मेगापास्कलवर येतो. मग पाकिटावर सच्छिद्रता आणि ओल्या नमुन्याची वाकण्याची ताकद का छापत नाहीत?

सुरुवातीला मी सगळा माल ताकदीवरच तोलत होतो. आता तसं म्हणणार नाही. ज्यांना स्वतःची ताकद जवळपास शून्य, ते पोकळीत भरायचे सुटे दाणेच सगळ्यात भरवशाचे निघाले. दात काढलेल्या खोबणीच्या भिंती शाबूत असतील, किंवा सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यावरच्या पोकळीचं अस्तर उचलून खाली हाड भरणं) असेल, तर भार आजूबाजूचं हाड घेतं. दाण्यांनी फक्त जागा धरून ठेवायची. काही महिन्यांनी इम्प्लांटसाठी ड्रिल घातल्यावर हाताला जो विरोध लागतो, तो मुख्यतः नव्या हाडाचा.

म्हणून विरघळण्याचा वेग जास्त महत्त्वाचा. प्लास्टर ऑफ पॅरिस हाडाच्या पोकळीत 1892 मध्येच जर्मन सर्जन ड्रेसमन यांनी भरलं होतं, पण ते काही आठवड्यांत नाहीसं होतं आणि हाड तोवर तयार नसतं. बीटा-टीसीपी काही महिने ते दोनेक वर्षं घेतं. गाईच्या हाडापासून केलेले दाणे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. पदार्थ गेलाय आणि हाड अजून कच्चं आहे, हा मधला काळच धोक्याचा.

कालवून भरायच्या आणि जागेवरच घट्ट होणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटबद्दल मला फारशी आशा नव्हती. सिस्ट (हाडातली द्रव भरलेली गाठ) काढल्यावर उरलेल्या वेड्यावाकड्या पोकळीत मात्र ते इतकं चपखल बसलं की मत बदललं. अट एकच, जागा कोरडी हवी. घट्ट होण्याआधी रक्त आलं की सिमेंट वाहून जातं, आणि पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागतो. त्याची छिद्रं फार बारीक असल्याने आत हाड शिरत नाही, सिमेंटच वरून हळूहळू झिजत जातं, हेही धरून चालावं.

खालच्या जबड्याचा अख्खा तुकडाच गेला असेल, तर यातलं काहीही एकट्याने चालणार नाही. तिथे टायटॅनियम प्लेट आणि रक्तपुरवठ्यासकट घेतलेलं फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बारीक हाड, हा सर्जन हिडाल्गो यांनी 1989 मध्ये मांडलेला मार्ग. अशा केससाठी कुणी ब्लॉकचं माहितीपत्रक पुढे केलं, तर सरळ परत पाठवा.

ब्लॉक वापरायचाच असेल, तर त्यातलं भोक स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठं पाडा. आटे फक्त खालच्या हाडात धरू द्या, आणि डोकं टेकलं की थांबा. असं केल्यापासून माझ्याकडे एकही तडकलेला नाही. बदली ब्लॉक अजून मिळालेला नाही. ओल्या नमुन्याची वाकण्याची ताकद किती, एवढंच मी लेखी विचारलंय. आकडा आला की इथेच टाकतो.