हॉटपॉट ठेवला, अहवाल माळ्यावर टाकला

बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतले 8 लाख तालुक्यातल्या एका सहकारी बँकेत होते. डिसेंबर 2022 मध्ये पावतीची मुदत संपली, तर शाखाधिकारी स्वतः घरी हजर. बाबा शिक्षक, त्यामुळे दर वाक्याला ‘सर’. नूतनीकरणाच्या फॉर्मखाली दुसरा फॉर्म होता, 50 हजारांच्या शेअर्सचा. “ज्येष्ठांना व्याज जास्त, सर, शिवाय लाभांश वेगळा.” बाबांनी चहा गार व्हायच्या आत दोन्हीकडे सह्या केल्या.

फेब्रुवारीत बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. शटरवर कागद, सहा महिन्यांत 5 हजार काढा. 2019 ला पीएमसी या मुंबईतल्या सहकारी बँकेच्या ठेवीदारांवर सुरुवातीला 1 हजाराची मर्यादा आली होती, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून “मुंबईतलं आहे ते” म्हणालो होतो.

त्याआधीच्या आमसभेत सभासदांना हॉटपॉट आणि बँकेचा वार्षिक अहवाल मिळाला होता. हॉटपॉटमध्ये आजही पोळ्या असतात. अहवाल माळ्यावरच्या रद्दीत सापडला. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता थकीत कर्जं, 11.8 टक्के, भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल, 5.9 टक्के, दोन वर्षं तोटा, तीन वर्षं लाभांश शून्य. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची तेव्हाची धोक्याची रेघ काय होती? निव्वळ एनपीए 6 च्या वर, भांडवल 9 च्या खाली, किंवा लागोपाठ दोन वर्षं तोटा. आमच्या बँकेने तिन्ही ओलांडल्या होत्या, आणि भांडवलाचं भगदाड बुजवायला बाबांचे 50 हजार हवे होते. अध्यक्षांच्या मनोगतात मात्र नव्या शाखेचा फोटो!

अहवाल चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. पीएमसीत 21 हजारांवर खोटी खाती दाखवून थकीत कर्ज लपवलं होतं. पण वाईट आकडा कुणी हौसेने छापत नाही. तो दिसला की पावती मोडा, दंड बसला तरी.

निर्बंधांनंतर 90 दिवसांत ठेवींवरच्या विम्याचे 5 लाख आले. ही मर्यादा व्याजासकट, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. उरलेले 3 लाख आणि व्याज अडकलं. निम्मी रक्कम आईच्या एकटीच्या नावावर असती तर मुद्दल तरी सुटलं असतं. शेअर्सना विमा नाही, आणि भांडवल 9 च्या खाली असताना बँक ते परतही करू शकत नाही.

शाखाधिकाऱ्यांना फोन लावला. “सर, तो फॉर्म ऐच्छिक होता.”