जुन्या पेट्रोल पिकअपला कार्टर बनवून घ्यावा की सोलेक्स बसवावा?

निफाड-दिंडोरीकडे कुणी अजून जुनी महिंद्रा पेट्रोल पिकअप चालवणारा भेटला, की बोलणं थोड्याच वेळात कार्बोरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर, येतं. हरिकेन एफ-१३४ इंजिनाची गाडी असेल तर प्रश्नही ठरलेला असतो. मूळचा कार्टर वायएफ खोलून, बुश मारून, नवं किट टाकून चालवायचा, की सरळ नवा सोलेक्स आणून बसवायचा? माझी गाडी एफसी-१५०, म्हणजे नाक नसलेली, इंजिनचं खोकं दोन सीटच्या मध्ये असलेली. तिच्यावर मी दोन्ही कार्बोरेटर वापरले आहेत, द्राक्षांच्या क्रेट भरूनही आणि रिकाम्या हौद्यानेही. त्यामुळे जे लिहितोय ते या एका गाडीपुरतं खरं आहे एवढं धरून वाचा. बॉनेटवाल्या जीपला थोडाफार फरक पडेल.

निवड करण्याआधी एक काम मात्र कराच. गाडी पिकअप घेत नाही, झटके मारते, स्लो (पाय न देता इंजिनचा मंद वेग) टिकत नाही, अशा तक्रारींत कार्बोरेटरच्या नावावर खपणारे बरेच दोष दुसरीकडचे असतात. पॉइंटचा गॅप वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा तीस थाऊ, एवढं आधी लावून घ्या. एसी पंपाचा, म्हणजे पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा, डायफ्राम (रबरी पडदा) पाहा. या इंजिनाला अडीच ते पावणेचार पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. त्याहून जास्त देणारा पंप बसवला की फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलली जाते, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि माणूस उगाच कार्बोरेटरला शिव्या घालतो. मग मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जाण्याच्या वाटेला, व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारा काटा) लावा. पुस्तकात चांगल्या इंजिनाला अठरा ते वीस इंच लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे साधारण दोन इंच कमीच येणार. काटा सोळा-सतरावर स्थिर असेल तर इंजिन ठीक आहे. काटा ठरावीक लयीत उडत असेल तर आधी व्हॉल्व्हकडे बघा. तसं असताना कुठलाही कार्बोरेटर आणलात तरी पैसे वाया जातील.

आता कार्टर. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यात जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या, आत एक पायऱ्यांची बारीक सुई, मीटरिंग रॉड, खाली-वर होते. सपाट रस्त्यावर पाय हलका असला की व्हॅक्यूम जास्त असतं, रॉड खाली बसतो आणि पेट्रोल कमी जातं. चढ आला, लोड आला, व्हॅक्यूम पडलं, की स्प्रिंग रॉड उचलते आणि इंजिन मागेल तेवढं पेट्रोल मिळतं. पिंपळगावकडच्या सपाट रस्त्यावर एकसारखी गाडी चालवताना हा फरक जाणवतो. पेट्रोल कमी लागतं आणि इंजिनचा आवाजही मऊ राहतो. खालच्या रेसला भरलेल्या गाडीला तो अलगद उचलतो. सोलेक्सवर तितकी मऊ ओढ मला कधी मिळाली नाही.

त्याचं खालचं अंग बिडाचं असतं, पण थ्रॉटलचा, म्हणजे पॅडलने उघडणाऱ्या झडपेचा, शाफ्ट वर्षानुवर्षं फिरून त्याचं भोक लांबट होतं. तिथून फुकटची हवा आत जाते आणि स्लो हलायला लागतो. तपासायचं सोपं आहे. इंजिन स्लोवर ठेवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मारा. रेस बदलली तर हवा तिथूनच जाते आहे. गरम इंजिनवर हे करताना हात आवरता ठेवा आणि जवळ ठिणगी नको. अंबडला किंवा सातपूरला चांगला लेथवाला असेल तर भोक मोठं करून पितळी बुश बसवून, नवा शाफ्ट ओढून देतो. हे काम कसलेल्या माणसाकडेच द्या. दोन्ही बुश एका रेषेत नसले तर बटरफ्लाय (थ्रॉटलची फिरती पाटी) अडकतो, आणि घाटात अडकलेला थ्रॉटल म्हणजे जिवाशी खेळ. काम नीट झालं की कार्टर पुन्हा कित्येक वर्षं चालायला तयार होतो.

एवढं सगळं जमून आल्यावर मी कार्टर का उतरवला? डायफ्राममुळे.

वायएफमध्ये अॅक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचा) डायफ्राम आणि तो मीटरिंग रॉड एकमेकांना बांधलेले आहेत. खालून मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम डायफ्रामला ओढून धरतं, म्हणून रॉड खाली राहतो. जुन्या पेट्रोलवर ही रचना उत्तम चालायची. पण २०२३ पासून पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता आपल्याकडे जवळपास सगळीकडे तेच मिळतं. जुन्या जातीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते आधी फुगतं, मग सुकलं की कडक होतं आणि घडीवर चिरतं. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये कुठलं रबर आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं. दुकानदार म्हणतो, "भाऊ, एकदम ओरिजिनल." त्याला तरी काय माहीत असणार!

डायफ्राम चिरला की एकाच वेळी तीन गोष्टी होतात. पंपाचा फवारा जातो, म्हणून पाय दाबल्याबरोबर गाडी क्षणभर मरते. रॉडला खाली धरणारं काही उरत नाही, तो वरच राहतो आणि इंजिन सतत जास्त पेट्रोल पितं. शिवाय चिरेतून कच्चं पेट्रोल व्हॅक्यूमच्या वाटेने थेट मॅनिफोल्डमध्ये जातं, स्लो बिघडतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, आणि पीयूसीला गेलात तर जुन्या गाडीला मिळणारी तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची सवलतही पुरत नाही. यात कार्टरची रचना सदोष आहे असं मी म्हणणार नाही. ती वेगळ्या पेट्रोलसाठी झालेली होती. पण द्वारका चौकातल्या गर्दीत, मागे ट्रक उभा असताना, सिग्नल सुटल्यावर गाडी पाय देताच मरते तेव्हा रचनेचं कौतुक करायला मन होत नाही. दर काही महिन्यांनी इंजिनचं खोकं उघडा, कार्बोरेटर उतरवा, तेच रबर पुन्हा बदला. या एका कटकटीने माझ्यापुरता निकाल लागला.

सोलेक्समध्येही पंपाचा डायफ्राम आहे आणि तोही एक दिवस जातोच. पण मुख्य जेटशी त्याचा संबंध नाही. तो गेला तर सुरुवातीचा झटका बसतो, बाकी गाडी नीट घरी येते. शिवाय तो बाजूला, स्क्रूंनी बसवलेल्या झाकणाखाली असतो, कार्बोरेटर न उतरवता बदलता येतो. जेटवर आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग. १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटरचं भोक. जेट बदलायला कार्टरसारखं रॉडचं आणि जेटचं गणित एकत्र मांडावं लागत नाही.

ई-२० वर हे फार कामाला येतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी साधारण आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. भोकाचा व्यास चार-एक टक्के वाढवला की भरपाई होते, म्हणजे १२५ च्या जागी १३०. नाशिकची हवा पाच-सहा टक्के विरळ असल्यामुळे थोडं रिच (पेट्रोल जास्त) आपोआप होतं, म्हणून इथल्या इथे फिरणाऱ्याला कदाचित जुनं जेटही चालून जाईल. पण कसारा घाट उतरून भिवंडी-वाशीकडे माल नेणार असाल तर खाली हवा दाट होते आणि तीच गाडी लीन होऊन तापते. मी मोठं जेट ठेवलं. प्लग खोलून पाहिले, पोर्सेलिनचा रंग फिकट तपकिरी आला, तेवढ्यावर समाधान मानलं.

सोलेक्स बसवणं मात्र नुसतं दोन नट आवळण्याचं काम नाही. थ्रॉटलच्या लिव्हरची लांबी आणि दिशा वेगळी येते, त्यामुळे लिंकेज (पॅडलपासून थ्रॉटलपर्यंतची जोडणी) बनवून घ्यावं लागतं. बनवल्यावर एकाने पॅडल पूर्ण दाबावं आणि दुसऱ्याने वरून आत बघावं, बटरफ्लाय अगदी उभा होतो का. होत नसेल तर नव्या कार्बोरेटरची अर्धी ताकद वापरलीच जात नाही. एअर क्लीनरच्या तोंडालाही जोड लागतो. आणि सोलेक्सच्या नावाने नकला पुष्कळ मिळतात. घेताना फ्लॅन्ज (इंजिनवर बसणारी सपाट बाजू) काचेवर ठेवून पाहा, डुगडुगला तर परत द्या. शाफ्ट हाताने हलवून पाहा, नव्या मालातही खेळ असलेला मी पाहिला आहे.

उष्णतेच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं काही नाही. एफ-हेडमध्ये, म्हणजे या इंजिनाच्या जातीत, इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली आहे आणि कार्बोरेटर त्यावरच बसतो, त्यामुळे घाट चढून गाडी बंद केली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. एफसीच्या बंद खोक्यात तर जास्तच. जाड बेकेलाइटचं पॅकिंग दोघांनाही लागतं, आणि गरम गाडी उठवताना पॅडल पंप न करता पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारायचा.

पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि चेंबरमध्ये पांढरी भुकटी धरते. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यातल्यांना हे जास्त जाणवेल. उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्या, दोन्ही कार्बोरेटर वाचतात.

खर्चात मला फारसा फरक दिसला नाही. लेथचं काम, शाफ्ट, किट आणि मिस्त्रीची मजुरी धरली तर कार्टर नव्या सोलेक्सच्या जवळ जातो. गाडी फक्त रविवारी काढायची असेल, मूळ सामानाची आवड असेल, आणि इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा डायफ्राम खात्रीने कुठून मिळत असेल, तर कार्टरच ठेवा. त्याच्या ओढीची सर दुसऱ्याला नाही. पण गाडी हौद्यात माल घालून रोज बाहेर पडत असेल, तर मी सोलेक्सकडे झुकेन. माझा बुश मारलेला कार्टर तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, विकलेला नाही. चांगल्या रबराचं किट हाती लागलं तर एकदा पुन्हा चढवून बघणार आहे. तोवर सोलेक्स, १३० चं जेट, आणि टूलबॉक्समध्ये एक जादा डायफ्राम.