खोक्यावर एक नाव, आत दुसराच पॅड

मी रोजच्या वापराची गाडीच अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवर चालवतो. अशा दुहेरी वापरासाठी ब्रेक पॅड घेताना माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहीत आहे, कारण त्यात पैसे गेले त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव धोक्यात आला.

रस्त्यासाठीचे साधे पॅड थंड असतानाही चांगले धरतात, पण ट्रॅकवर सतत तापले की त्यांची पकड सुटत जाते. उलट निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला धरतात ती चकती) लवकर खातात. म्हणून मला मधल्या प्रकारचे पॅड हवे होते. दुकानदाराने एका कंपाउंडचे, म्हणजे पॅड ज्या घर्षण-मिश्रणाचा बनतो त्याचे, नाव घेतले आणि म्हणाला, “साहेब, पुढे-मागे एकच कंपाउंड टाका, म्हणजे बॅलन्स बिघडणार नाही.” सल्ला चुकीचा नव्हता, त्यामुळेच माझा विश्वास बसला. दोन्ही खोक्यांवर तेच नाव होते. पुढच्या खोक्याची चिकटपट्टी किंचित तिरकी आणि दुहेरी लागलेली मी पाहिली होती, तरी विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते.

रस्त्यावर काहीच जाणवले नाही, कारण हळुवार ब्रेक लावताना कोणताही पॅड आपले काम करतो. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्टा संपून वळण सुरू होते तिथे मी पेडल दाबले. ते दगडासारखे घट्ट लागले, पण गाडीचा वेग उतरेना. आणखी जोर दिला तशी मागची चाके जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरून खडीत जाऊन थांबली. माझी गाडी जुनी आहे, तिच्यात एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. सुदैवाने मागून कोणी येत नव्हते.

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात, म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या पॅडना करावे लागते. पुढचे पॅड ढेपाळले आणि मागचे मात्र करकचून धरत राहिले, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

चाके काढल्यावर मेकॅनिक म्हणाला, “दादा, हे पुढचे आणि मागचे एका घरचे नाहीत.” बऱ्याच पॅडच्या कडेवर एक सांकेतिक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून घर्षणांक, म्हणजे पॅड किती घट्ट धरतो त्याचे माप, कळतो: पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे तापल्यानंतरचे. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मागच्या पॅडवर जी-जी होते. पुढच्या पॅडवर त्या ओळीवर काळा रंग मारलेला होता. तो नखाने खरवडला तेव्हा खालून ई-ई निघाले, आणि त्याच पुढच्या पॅडच्या पाठीवरच्या पत्र्याचा रंग उडाला तिथे जुन्या गंजाचे खड्डे दिसले. म्हणजे मागचा संच खरा होता, आणि पुढच्याच्या खोक्यात, जिथे सर्वांत जास्त भरवसा लागतो तिथे, हलका माल रंगवून भरलेला होता. ही अक्षरे ट्रॅकची हमी देत नाहीत, कारण त्यामागची चाचणी साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आतच होते आणि ट्रॅकवर पॅड त्याहून बरेच जास्त तापतात. पण पुढचा आणि मागचा पॅड एकाच कंपाउंडचा आहे की नाही, याचा संशय त्यांवरून नक्की घेता येतो.

दुकानदाराने आधी सांगितले की ब्रेक ऑइल उकळले असेल. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. माझे पेडल घट्ट होते, शिवाय ऑइल आठवडाभरापूर्वीच बदललेले होते. मग त्याने पॅड नीट बेड केले नसल्याचा, म्हणजे नवे पॅड ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून डिस्कवर बसवून घेतले नसल्याचा, आरोप केला. तोही खोडून काढल्यावर त्याने वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, की ट्रॅकवर वापरल्यास वॉरंटी लागू नाही. हेच पॅड त्याने मला ट्रॅकसाठी म्हणून विकले होते! माझ्या बिलावर मात्र फक्त “ब्रेक पॅड, पुढील व मागील” एवढेच लिहिलेले होते. कंपाउंडचे नाव नाही, पार्ट नंबर नाही, बॅच नंबर नाही, त्यामुळे तो काय विकले हे नाकारू शकला आणि माझ्या हातात पुरावा उरला नाही.

त्यानंतर घेतलेले पॅड मी दुकानातच खोके फोडून, आठही पॅड काउंटरवर ओळीने मांडून, कडेची अक्षरे आणि बॅच नंबर जुळवून, ते बिलावर लिहून घेऊनच उचलले. नव्या दुकानदाराने त्याला हरकत घेतली नाही; उलट कडेवरची छपाई नीट वाचता यावी म्हणून त्याने स्वतःच टॉर्च धरला.