दुकानाचा पीसी, खातं माझं: हळदीच्या अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात लाइटच्या चढउतारात आमच्या अडत दुकानाच्या पीसीचा बोर्ड उडाला. नवा बसवून चालू केला तर निळी स्क्रीन: रिकव्हरी की टाका. म्हणजे विंडोजनं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली डिस्क उघडायचे अंक. मी विट्याला लग्नात. शेठचा फोन, "दिवाणजी, हे काय मागतंय बघा जरा." बोर्ड बसवणारा कॉम्प्युटरवाला तोवर 'फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही' म्हणून मोकळा.

ती की माझ्या खासगी मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट. पंगतीतून उठलो आणि बँडच्या आवाजात एकेक गट ओरडून सांगितला. शेठ तिकडं एका बोटानं टाइप करत "हं, पुढं?" पीसी उघडला. पट्ट्या, हमाली-तोलाई, उचल, सगळं जागच्या जागी.

मुळात माझं खातं तिथं गेलं कसं? पीसी नवीन आला तेव्हा याच कॉम्प्युटरवाल्याचा पोरगा बसवायला आला होता. "काका, ईमेल सांगा तुमचा," म्हणाला, घातला, आणि वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, फोल्डर बॅकअपलाही न विचारता हो करून गेला. म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिन्ही माझ्या खात्यात.

सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. रात्री शेतकऱ्याचा फोन आला तर मोबाइलवर पट्टी उघडून वजन-दर सांगता यायचा. शिवाय २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला हिशोबाची एक प्रत गावाबाहेर असण्याचं महत्त्व सांगायला नको.

पण ते ५ जीबी! फुकटात मिळतात तेवढेच, आणि २०२३ पासून आउटलुकच्या मेलमधल्या अटॅचमेंटही त्यातच मोजतात. जागा भरली की मेल येत नाही, जात नाही. आमचे शेठ सौद्याच्या दिवसांत राजापुरी हळदीच्या नमुन्यांचे फोटो डेस्कटॉपवर ओततात. हळकुंड मोडून आतला रंग दाखवलेला, एकाच ढिगाचे पाच-पाच फोटो, त्यातले निम्मे हललेले. ते सगळे माझ्या खात्यात. ऐन मार्चमध्ये जागा संपली आणि पोरीच्या कॉलेजचा मेल लटकला. जास्तीची जागा विकत घ्यायची तर पैसे कुणी भरायचे? शेठ म्हणाले, "खातं तुमचं ना?" वखारीचं भाडं हमालानं भरायचं असा हा न्याय झाला. एक रुपया भरला नाही, भरणारही नाही.

फोल्डर बॅकअप बंद केला. तुम्ही करणार असाल तर एक ध्यानात ठेवा: बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. त्या आधी बाहेर कॉपी करा, मगच पुसापुशी. तिथलं पुसलं की क्लाउडवरूनही जातं; रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतं, पुढं नाही.

तेव्हा माझं मत पक्कं झालं होतं की खातं तोडायचं आणि साधं लोकल लॉगिन, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचं, ठेवायचं. विट्याच्या लग्नानंतर मात्र ते ढिलं झालं. खातं तोडलं तरी डिस्कची एन्क्रिप्शन तशीच राहते आणि की पडून राहते माझ्याच खात्यात. उद्या मी नोकरी सोडली, किंवा माझा पासवर्डच गेला, तर दुकानाचा हिशोब कुलपात. एवढी सत्ता मला नको, पगार तेवढा नाही.

म्हणून आता दुकानाच्या नावानं वेगळं खातं काढलंय, ओटीपीला शेठचा नंबर. ४८ अंक कागदावर उतरवून तिजोरीत. फोल्डर बॅकअपमध्ये फक्त डॉक्युमेंट्स, फोटो पेन ड्राइव्हवर. पीसीला मायक्रोसॉफ्ट खातं जोडण्याला पाचपैकी चार तारे. बसवून देणाऱ्याला अर्धा.

कॉम्प्युटरवाल्याचं बिल कालच आलंय. बोर्डाच्या खाली 'डेटा रिकव्हरी ८०० रुपये' अशी ओळ आहे. अंक सांगितले मी, टाइप केले शेठनी. ती ओळ खोडून येईपर्यंत चेक सहीला जाणार नाही, हे त्याला फोनवर कळवलंय.